सगळ्यांना बसणारा कोट

नारीन गावात गुलबाराला ओळखणारे लोक दोन प्रकारचे होते. एक, ज्यांचे फोटो तिने काढले होते, आणि दुसरे, ज्यांचे ती पुढेमागे काढणारच होती. तिसरा एक प्रकार होता, तिला कलावंत म्हणून ओळखणाऱ्यांचा. त्यात सबंध गावातून एकच व्यक्ती मोडत होती, आणि ती म्हणजे खुद्द गुलबारा.

वय एक्कावन्न. कुठल्या शाळेत ती ही विद्या शिकली नव्हती. सरकारी स्टुडिओ बंद पडताना तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी एक कॅमेरा, एक तिपाई आणि एक कोट तिच्या हवाली केला, तेवढीच दीक्षा. बाकीचं तिचं तीच शिकली, आणि शिकता शिकता तिला एक खोड लागली. साधी गोष्ट साधेपणाने बघणं तिला जमेनासं झालं. नवरा गेला तेव्हा अंगणात तंबू उभारला होता, आत बायका पाठ फिरवून हेल काढून रडत होत्या, गुलबाराही रडत होती. खरं रडत होती, त्यात खोट नव्हती. पण तंबूच्या दारातून एक तिरका उजेड आत आला आणि जावेच्या खांद्यावर पडला, तेव्हा तिच्या मनात आलं, वा! मग लाज वाटली. मग लाज वाटत असतानाच मनात आलं, अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तर अजून बरं दिसेल. आणि ती सरकली.

त्या शुक्रवारी सकाळी ती दुकानात टेबलावर बारा फोटो मांडून बसली होती. राजधानीत, बिश्केकला प्रदर्शन होतं, तिथे पाठवायचे होते. बारांपैकी नऊ फोटोंत धुकं होतं. धुक्यात घोडा, धुक्यात दोन घोडे, धुक्यात नुसतंच धुकं.

मागच्या घरातून चहा घेऊन आलेल्या साबिरा एनेने, म्हणजे तिच्या सासूने, फोटोंवरून नजर फिरवली.

"आपल्याकडे एवढं धुकं कधी पडतं गं?"

"कला आहे एने ती."

"असेल बाई. मला वाटलं काच पुसायची राहिली."

एने चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि तिच्या बोलण्यावर उत्तर सुचेपर्यंत ती नेहमी खोलीबाहेर गेलेली असे.

तेवढ्यात दुकानाचं दार ढकलून एक म्हातारी आत आली. डोक्याला पांढरा रुमाल, पायांत रबरी बूट, आणि चेहरा असा की गुलबाराने चहाची वाटी बाजूला ठेवली. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर सुरकुत्याच सुरकुत्या, जशा काही पावसाने डोंगरउतारावर काढलेल्या. तेराव्या फोटोचं नावसुद्धा तिला तिथल्या तिथे सुचलं: 'काळाच्या वाटा'.

"मी कालिचा," म्हातारी म्हणाली. "घोडेवाल्या तेमिरकुलच्या घरची. आमचे हे गेले, त्याला आता वर्ष होतंय."

"बसा ना आपा. नाही, तिथे नको, इकडे, खिडकीपाशी. मान जराशी..."

"पोरी, मी फोटो काढायला नाही आले. भांडायला आलेय."

असं म्हणून तिने खिशातली हातरुमालाची पुरचुंडी हळूच सोडली आणि तिच्यातून एक फोटो काढून धुक्यातल्या घोड्यांवर ठेवला. पासपोर्टच्या आकाराचा जुना फोटो, काळा-पांढरा, आगपेटीएवढा. काळा कोट घातलेला एक माणूस खिडकीकडे बघत होता. दाढी केलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, तोंड घट्ट मिटलेलं. ऑपरेशनसाठी बेशुद्ध करायच्या आधी माणसं बघतात तसं तो बघत होता.

गुलबाराने आपलं काम ओळखलं. नवा देश झाला आणि नवे पासपोर्ट निघाले, त्या वर्षी अख्खा जिल्हा तिच्या दुकानासमोर रांग लावून उभा होता. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि आपण देश घडवतोय असं तिला वाटत होतं. घोडेवाले, धनगर, दूधवाल्या, सगळे डोंगरावरून थेट आलेले. पासपोर्टसाठी पुरुषाच्या अंगात कोट हवा असा तिचा आग्रह, आणि कोट होता गावात एकच, तिच्या खिळ्यावरचा. तो कुणालाही बसावा म्हणून तिने पाठीतून उभा फाडून त्याला नाड्या लावल्या होत्या. पुढून बघावं तर साहेब, मागून बघावं तर उघडी पाठ. तिकडे बघा, खिडकीकडे, हसू नका, झालं, पुढचा या.

"चांगला आलाय की," गुलबारा म्हणाली. हे तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"चांगलाच आलाय. पण कोण आहे हा?"

"म्हणजे?"

"माझ्या घरी हा माणूस कधी आला नाही. आमच्यांनी जन्मात कोट घातला नाही. तोंड मिटलेलं तर मी झोपेतसुद्धा पाहिलं नाही त्यांचं. आणि हाच आता कबरीच्या दगडावर कोरणार! एकच फोटो आहे ना त्यांचा. सोमवारी मेलिस कोरायला घेणार, शनिवारी आश, वर्षाचं जेवण. त्या दिवशी घोडा कापला जाईल, दगड उभा राहील, चारशे माणसं हात उंचावून दुवा मागतील, आणि दगडावर हा परका."

गुलबाराने मान हलवली. मग तिने धंद्यातलं बोलून घेतलं, "आपा, त्यांना मी कॉम्प्युटरवर जरा उजळ करून देते."

"अजून आहे. दगड जोडाचा आहे. डावी बाजू त्यांची, उजवी माझी, मी गेले की मला तिथे कोरायचं. आणि हे बघतायत कुठे? त्या बाजूला! माझ्याकडे पाठ करून. कयामतपर्यंत मी यांच्या कानाकडे बघत बसू?"

"ते सोपं आहे. उलटा करते ना मी. आरशात दिसतो तसा. मग बघतील तुमच्याकडे."

कालिचाने फोटोवर नख ठेवलं. तेमिरकुलच्या डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण गेला होता. "घोड्याने लाथ मारली होती. लग्नाच्या वर्षी. उलटा केलास की व्रण उजवीकडे जाईल. तो घोडा काय परत येऊन दुसरी मारून गेला?"

मागच्या दाराआडून साबिरा एने फिसकन हसली. ती गेलेली नव्हतीच.

"ऊठ," कालिचा म्हणाली. "तुला एक दाखवते."

गावामागच्या टेकडीवर कबरस्तान आहे. गुलबारा तिथे बरेचदा गेली होती, पण संध्याकाळी, मातीच्या घुमटांमागे सूर्य उतरताना, आणि नेहमी लांबून. लांबून ते फार सुंदर दिसतं. त्या दिवशी कालिचा तिला दंडाला धरून आत घेऊन गेली. दोघींनी दुवा म्हणून तोंडावरून हात फिरवले, आणि मग गुलबाराने वर पाहिलं.

काळ्या दगडांवर माणसं कोरलेली होती. गुरांचा डॉक्टर एसेन, कोट घालून. गवताच्या कुरणावरून त्याच्याशी वीस वर्षं भांडलेला त्याचा शेजारी, तोच कोट घालून. गिरणीवाला, शाळेत घंटा देणारा, दोघे भाऊ, मुलगी देऊन व्याही झालेले दोघे, सगळ्यांच्या अंगात तोच कोट. सगळे खिडकीकडे बघत होते. कबरस्तानात खिडकी नाही, म्हणून ते सगळे मिळून बाहेरच्या पेट्रोलपंपाकडे बघत होते.

कोटाच्या डाव्या कॉलरवर एक भोक होतं. कुणा साहेबाची सिगारेट टेकली होती, मास्तरांच्या काळात. मेलिस फार प्रामाणिक कारागीर. त्याने प्रत्येक दगडावर ते भोकसुद्धा कोरलं होतं.

"कायम लावलेलं प्रदर्शन आहे तुझं," कालिचा म्हणाली. टोमणा होता की कौतुक, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही.

गुलबारा एका कठड्यावर बसली. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की आपली खरी कामं कुणी बघत नाही. हे बघा, सगळा जिल्हा बघत होता. सणाला येऊन, हात उंचावून, रडून बघत होता. तिच्या धुक्यापुढे असं कुणी कधी रडलं नव्हतं. आणि तिने काय केलं होतं, तर एका अख्ख्या डोंगराला एकाच कोटात कोंबलं होतं.

"आपा, दुसरा फोटो खरंच नाही कुठे?"

"तो तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे?"

"तू दोनदा दाबलंस. मी दाराशी उभी होते ना. हे बसले, अजून अंगातला चापान काढला नव्हता, कल्पाक टोपी डोक्यावर. माझ्याकडे वळून म्हणाले, 'काय गं, नवरदेव दिसतो का?' आणि तुझा खटका वाजला. मग किती ओरडलीस तू! 'हलू नका म्हटलं ना, एक फिल्म फुकट घालवलीत!' हे एवढे मोठे, लांडग्याला काठीने हाणलेला माणूस, पण तुला घाबरले. मग तोंड मिटलं ते असं." तिने स्वतःचं तोंड घट्ट मिटून दाखवलं. "ती पहिली दे मला."

गुलबाराला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्या वर्षी तिने दिवसाला साठ माणसांवर आरडाओरडा केला असेल. पण ती नीटनेटकी होती, आणि हीच अडचण होती. चांगल्या निगेटिव्ह तिने तारखेवार पाकिटांत ठेवल्या होत्या. बिघडलेल्या ती कात्रीने कापून काढी.

"टाकून दिल्या मी सगळ्या," ती म्हणाली. हे सांगताना तिला मान वर करवली नाही.

घरी येऊन तिने हीच गोष्ट एनेला सांगितली. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघराच्या दारात एने कणीक मळत बसली होती.

"कशा टाकशील?" एने म्हणाली. "टाकलेलं मी काही टाकू देते का?"

"म्हणजे? कुठे आहेत?"

"डोळे आहेत ना फोटोवालीला? तुझ्या नाकाला लागतायत."

स्वयंपाकघराच्या दाराला माश्यांसाठी पडदा होता. तुकड्याला तुकडा जोडलेल्या काळपट, चकचकीत पट्ट्यांचा, वरून खालपर्यंत लोंबणारा, वाऱ्यावर सळसळणारा. पंचवीस वर्षं गुलबारा दिवसातून वीस वेळा तो कपाळाने बाजूला सारत आत-बाहेर करत होती. कसला आहे म्हणून तिने कधी बघितलंच नव्हतं. जगाकडे चौकटीतून बघणारी बाई ती. पण ती चौकट कधी स्वतःच्या दाराची नव्हती.

तिने एक पट्टी धरली आणि उजेडाकडे केली. धुरकट, मटणाच्या वाफेने चिकट झालेली. पण त्यात माणसं होती. उलट्या रंगांतली, पांढऱ्या केसांच्या जागी काळे केस असलेली माणसं. गुरांचा डॉक्टर शिंकत होता. गिरणीवाला कुणाला तरी शिवी देत होता, शिवी ओठांवर स्पष्ट वाचता येत होती. एक बाई रांगेतल्या पोराला चापट मारत होती. डोळे मिटलेले, तोंडं उघडी, हात हललेले, मागे वळून बायकांना काहीतरी विचारणारे नवरे. कोट अजून कुणीच घातला नव्हता.

गुलबाराने दोन पट्ट्या पाहिल्या, चार पाहिल्या, मग स्टूल घेऊन बसली. बारा फोटो निवडायला तिला दोन महिने लागले होते. इथे दारावर दोनशे लटकत होते आणि त्यांतला एकही तिने मुद्दाम काढलेला नव्हता.

"सापडतंय का?" एनेने विचारलं.

"सगळेच सापडतायत, एने."

तेमिरकुल सापडला तो नवव्या पट्टीत, खालून तिसरा, गुडघ्याच्या उंचीवर. चापान अंगात, कल्पाक मागे सरकलेला, मान दाराकडे वळवलेली, तोंड हसून उघडं, समोरचा एक दात नाही. व्रण जिथल्या तिथे, डाव्या भुवईत. आणि चौकटीच्या कडेने आत घुसलेला एक हात, हातात कोट. हात गुलबाराचा होता. दुसऱ्या हातात खटक्याची तार असणार, ती घाईत दाबली गेली. म्हणजे तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोत ती स्वतःच मध्ये कडमडली होती.

सोमवारी ती आणि कालिचा तो फोटो घेऊन मेलिसच्या कारखान्यात गेल्या. मेलिस चाळिशीचा, केसांत दगडाची भुकटी, सुस्वभावी. त्याने फोटो पाहिला आणि डोकं खाजवलं.

"आपा, हा तर हसतोय."

"हो."

"दगडावर कुणी हसतं का? लोक म्हणतील मेलिस प्यायला होता. आणि हा हात कुणाचा?"

"तो काढ."

"काढतो. तोंड मिटवतो, कोट चढवतो."

"कोट कुठून आणणार तू?" गुलबाराने विचारलं.

मेलिसने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर कोट होता, रिकामा, मान नसलेला, सिगारेटच्या भोकासकट. "तयार ठेवलाय. तुमच्याकडे कधी न आलेल्यांनाही हाच घालतो. परवा एका ट्रॅक्टरवाल्याला घातला, त्याचा तर जन्मच त्या पासपोर्टांनंतरचा. घरचे किती खूश! म्हणाले, मोठा माणूस दिसतोय."

गुलबाराला खाली बसावंसं वाटलं. पण जागा नव्हती, कारण तेवढ्यात कालिचा बसली. ती तेमिरकुलच्या दगडावर बसली, मधोमध, आणि पिशवीतून तिने लोकरीचं विणकाम काढलं.

"आपा, उठा ना," मेलिस म्हणाला. "थंड असतो तो."

"पुढे तर इथेच राहायचंय मला. सवय होऊ दे."

"तुमच्या मुलाने कोटवाला फोटो दिलाय. मी काय करू? त्यांनी सांगितलं ते कोरणार."

"मग त्याला फोन लाव आणि सांग, तुझी आई दगडावर बसलीय, कोरायचं तर आजूबाजूने कोर."

मेलिसने खरंच फोन लावला. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत होता. तो शिक्षण खात्यात होता, जिल्ह्याचे साहेब येणार, वडिलांचा दात पडलेला दिसणार, कल्पाक वाकडा, लोक काय म्हणतील. मेलिसने फोन कालिचाच्या कानाला लावला.

"ऐक," ती म्हणाली. सुया थांबल्या नव्हत्या. "तुला मोटार घ्यायला जी पांढरी घोडी विकली, तिने पाडला तो दात. लाज वाटत असेल तर दात नको झाकूस, मोटार झाक." मग सुया थांबल्या, आणि आवाज खाली आला. "बाळा, मला रोज तिथे जाऊन कुणाशी तरी बोलायचंय. त्या कोटवाल्याशी काय बोलू? ओळख ना पाळख."

मग मुलाने काहीतरी म्हटलं, आणि कालिचाने फोन मेलिसला परत दिला. मेलिस ऐकत राहिला, मान हलवत राहिला. "बरं," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने कालिचाकडे पाहिलं. "दातासकट कोरायला सांगितलंय."

"मग कल्पाक सरळ करू नकोस," कालिचा म्हणाली आणि उठली.

शनिवारी आश झालं. चारशे नव्हे, साडेपाचशे माणसं आली. दगडावरचा कपडा काढला तेव्हा सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग मागून एक म्हातारा घोडेवाला मोठ्याने म्हणाला, "अरे, हा तर तेमिरकुल!" जसा काही तो अनपेक्षितपणे पाहुणा म्हणून आला होता. आणि भर कबरस्तानात लोक हसले, मग लाजले, मग त्यांनी हात उंचावले. तेमिरकुल हसत होता, उजवीकडच्या कोऱ्या दगडाकडे बघून.

गुलबारा तेव्हा गर्दीत मागे उभी होती. उजेड बाजूने येत होता, म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर पडत होता, आणि कॅमेरा पिशवीत होता. तिने हात पिशवीत घातला. मग बाहेर काढला. मग पुन्हा घातला. माणूस एका आठवड्यात किती सुधारणार?

मंगळवारी कालिचा दुकानात आली. धुतलेला रुमाल, चांगला मखमली अंगरखा, दात बसवलेले.

"आता माझा काढ. उजव्या बाजूचा. यांच्याकडे बघणारा."

गुलबाराने मास्तरांचा जुना कॅमेरा काढला, उरलेली एक फिल्म घातली. कालिचाला स्टुलावर बसवलं आणि गोची लक्षात आली. दगडावर तेमिरकुल डावीकडे, म्हणजे कालिचाने डावीकडे बघायला हवं. आणि दुकानात डावीकडे होती खिडकी. पंचवीस वर्षं उगाच म्हटलेलं वाक्य आज पहिल्यांदा कारणाने म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघेना.

"आपा," ती शेवटी म्हणाली, "जरा... खिडकीकडे बघाल का?"

कालिचाने बघितलं. खिडकीशेजारच्या खिळ्यावर कोट लटकत होता, पाठीच्या नाड्या मोकळ्या सोडून, भोकासकट. म्हातारी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला असं हसू फुटलं की बसवलेल्या दातांवर हात गेला, डोळे मिटले, रुमाल घसरला. खटका वाजला. गुलबाराने दाबला की दबला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हललं ना?" कालिचाने डोळे पुसत विचारलं. "ओरड आता."

"हललं," गुलबारा म्हणाली. आणि खोड ती खोड, पुढे बोललीच, "एक अजून घेऊ का? नीट?"

"घे बाई. तुझंही मन राहू दे."

दुसरा फोटो अगदी नीट आला. नजर स्थिर, रुमाल सरळ, सुरकुत्यांवर खिडकीचा उजेड असा की एकेक मोजून घ्यावी. 'काळाच्या वाटा'. बिश्केकच्या प्रदर्शनाला पाठवायला अजून दोन दिवस होते.

पहिला फोटो मोठा करून तिने मेलिसकडे दिला. तो त्याने तेमिरकुलच्या शेजारच्या कोऱ्या जागेच्या मापाने कापून ठेवलाय; घाई नाही, असं कालिचानेच बजावलंय.

दुसऱ्याची निगेटिव्ह घेऊन गुलबारा मागे गेली. तेमिरकुलची पट्टी काढल्यापासून पडद्यात फट पडली होती, आणि एने आठवडाभर कटकट करत होती.

"एने, ही चालेल का?"

एनेने पट्टी उजेडाकडे धरून बघितली. बराच वेळ बघितली. "ही तर चांगली आलीय गं."

"हो ना."

"चांगली असली तरी माश्या अडवेल ना?"

"बघू," गुलबारा म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने ती फटीत टाचली.